शिलंगण

हा शब्द वर्षातून एकदाच घराबाहेर पडतो. बाकीचे दिवस तो कुठे असतो, काय करतो, कोणी विचारत नाही. आश्विन शुद्ध दशमीला ऊन कललं की मात्र तो तयार होऊन दारात उभा. अंगावर धुतलेले कपडे, कपाळाला गंध, टोपीत घटात उगवलेल्या धान्याचे पिवळे तुरे. चार जण बरोबर घेतल्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. एकट्याने शिलंगण होत नाही, आणि घरबसल्या तर नाहीच नाही. नेहमीची मर्यादा ओलांडण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही: अचाट, अफाट, अलौकिक, लोकोत्तर, बेहद्द. पण ते सगळे दुसऱ्या कोणाची तरी थोरवी सांगतात आणि आपण ऐकायचं. हा एकटा असा, की जो म्हणतो, ऊठ, तूही चल.

कागदोपत्री त्याचं नाव सीमोल्लंघन. पंचांगात, निमंत्रणपत्रिकेत, वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो या पूर्ण नावाने बसतो. भारदस्त, जोडाक्षरांचा, जरा ताठ. घरचं नाव शिलंगण. 'सीमा'ची गावाकडे 'शीव' झाली, 'उल्लंघना'तला जोर ओसरून 'लंगण' उरलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांच्या, शिपायांच्या, बायाबापड्यांच्या तोंडात घोळून त्याच्या कडा मऊ झाल्या. मला हे घरचं नावच अधिक खरं वाटतं. नुसता पोथीत राहिलेला शब्द असा झिजत नाही. जो माणसांनी वापरला तोच झिजतो.

त्याच्या गणगोताची ओळख करून द्यायला हवी, कारण माणूस कोणाच्या घरातला हे कळल्याशिवाय आपल्याकडे ओळख पुरी होत नाही. आईकडून तो शिवेचा. गावाची जमीन जिथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते ती शीव. तिच्यावर एखादा शेंदूर लावलेला धोंडा असतो, म्हसोबा असतो, मारुती असतो. मुंबईतलं शीव हे ठिकाण याच घराण्यातलं. मुंबई बेट तिथे संपत होतं आणि पुढे साष्टी लागत होती. केसांच्या भांगाला संस्कृतात सीमन्त म्हणतात, त्यावरून सौभाग्यवतीला सीमंतिनी. म्हणजे सीमा ही मुळात एक रेघ. ती भिंत नव्हे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण रेघ ओलांडायची असते आणि भिंत पाडायची असते. शिलंगणाने आजवर काही पाडलेलं नाही.

वडिलांकडून तो 'लंघ्' या धातूचा. उडी घेऊन पलीकडे जाणं हा त्याचा अर्थ. मारुतीने समुद्र लांघला तो याच धातूने. पण याच धातूचं दुसरं अपत्य आहे लंघन. ताप आला की घरातली मोठी माणसं पोटाला सुट्टी देऊन जे करायला सांगतात ते. अंग हलकं करणं आणि अंग उचलून पलीकडे टाकणं, दोन्ही एकाच घरातून निघालं. नवरात्राचे नऊ दिवस आमच्याकडे घरोघरी उपास असतात. कोणी उठता-बसता करतं, कोणी नऊच्या नऊ दिवस धरतं. नऊ दिवस लंघन, दहाव्या दिवशी उल्लंघन. हा योग कोणी व्याकरण पाहून जुळवला नसेल. तरी त्यात एक खोल समज आहे. जडावलेल्या माणसाला ओलांडता येत नाही. आधी हलकं व्हावं लागतं.

'उल्लंघन' या सख्ख्या भावाचं नाव मात्र बदनाम. नियमाचं उल्लंघन, आदेशाचं उल्लंघन, सिग्नलचं उल्लंघन. पोलीस ठाण्याच्या डायरीबाहेर तो फारसा दिसत नाही. 'सीमा' पाठीशी उभी राहिली की त्याच उल्लंघनाला मुहूर्त लागतो, वाजंत्री लागते, ओवाळणी होते. आमच्या सोलापूरने या बदनाम भावाचीही एकदा बाजू घेतली होती. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. महिनाभराने, मे महिन्यात, शहरात गोळीबार झाला, लोक उसळले, काही दिवस इंग्रजी अंमल शहरात नावालाही उरला नाही, आणि मग मार्शल लॉ पुकारला गेला. हातात तिरंगा दिसला तरी शिक्षा, अशी ती राजवट. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. सरकारच्या कागदात तो कायद्याचा भंग होता. सोलापूरच्या लेखी ते काय होतं, ते शहरातले हुतात्म्यांचे चार पुतळे सांगतात.

या शब्दाला सोलापूर मानवण्याचं आणखी एक कारण आहे. या गावाने शीव कधी एका जागी राहू दिलीच नाही. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभार वेस ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगतो आपण. वेस म्हणजे गावकुसाचं दार. आज तिथे दार नाही, कूसही नाही. विजापूर वेशीत कपड्यांची गिऱ्हाइकी चालते, आणि जी एकेकाळी गावाची कड होती ती गर्दीच्या ऐन मध्यात आली आहे. गाव कधी बाहेर पडलं आणि वेस आत राहिली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे १९९२ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि भोवतालची गावं शहरात आली. त्या वस्त्यांना सोलापूरकर अजूनही 'हद्दवाढ भाग' म्हणतात. तिथे घर बांधून पिढी गेली, मुलांची लग्नं झाली, तरी पत्ता विचारला की उत्तर येतं, 'हद्दवाढ भागात.' हद्द हा अरबीतून आलेला शब्द सीमेचा सख्खा शेजारी. हद्द झाली म्हटलं की राग, बेहद्द म्हटलं की आनंद, हद्दपार म्हटलं की शिक्षा. शिलंगणात यातलं काहीच नाही. त्यात राग नाही, शिक्षा नाही, आणि आनंद आहे तोही जपून, चार पावलांच्या मापाने.

आता त्याच्या सवयी. त्या लिहून ठेवणारा माणूसही आमच्याच जिल्ह्यात बसला होता. कोकणातून येऊन पंढरपुरात स्थायिक झालेले काशीनाथ उपाध्याय, लोकांचे बाबा पाध्ये, यांनी १७९० च्या सुमारास 'धर्मसिंधु' लिहिला. व्रतवैकल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रातले भिक्षुक अजून त्याचा आधार घेतात. विजयादशमीच्या कृत्यांत तिथे अपराजितेचं पूजन आहे, शमीचं पूजन आहे आणि सीमोल्लंघन आहे. तिसऱ्या प्रहरी गावाच्या ईशान्येला जायचं. शमी नसेल तर अश्मंतक, म्हणजे आपला आपटा, चालतो. मग झाडाच्या मुळाशी असलेली माती अक्षतांसह उचलायची आणि वाजतगाजत घरी परत यायचं.

मला या विधीत सगळ्यांत मोलाची वाटते ती ही माती. एवढा देवीचा सण, शस्त्रांची पूजा, विजयाचं नाव, आणि हातात घेऊन काय यायचं, तर झाडाच्या बुंध्याची मूठभर माती. जायचं तेही परत येण्यासाठी. शिलंगणाचा स्वभाव इथे कळतो. तो घर सोडून पळालेला नाही, संन्यास घेऊन निघालेला नाही. उंबऱ्याच्या आत औक्षणाचं तबक तयार आहे हे त्याला ठाऊक असतं. शिवेच्या पलीकडे पाय टाकून, पलीकडचं थोडंसं घेऊन, तो दिवेलागणीला घरात असतो.

फौजेत नोकरी केली तेव्हाही त्याने हाच शिरस्ता पाळला. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, घोड्याला उतार मिळत नाही, म्हणून मराठ्यांची लष्करं चार महिने छावणीला राहत. आश्विनात पाणी ओसरतं, माळावर चारा पुरुषभर वाढलेला असतो, तेव्हा दसऱ्याचं शिलंगण करून फौजा मुलुखगिरीला निघत. कालिदासाच्या रघुवंशातही रघू दिग्विजयाला निघतो तो शरद ऋतूतच, नद्या उतारास आल्यावर. मोहिमेवर गेलेला शिपाई वैशाखात, पेरणीच्या आधी, परत शिवारात हवा असे, कारण बहुतेक शिपाई मुळात शेतकरीच. बंदूक आणि पाभर एकाच माणसाच्या हातात. सोलापूरच्या काळ्या जमिनीत तर दसरा म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीची वेळ. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ शिलंगण करून बाहेर पडे आणि दुसरा त्याच दिवसांत मालदांडी पेरी. दोघांची वर्षं तिथून सुरू होत.

रघूचीच आणखी एक गोष्ट या दिवसाला चिकटली आहे. वरतंतू गुरूंची दक्षिणा चौदा कोटींची, शिष्य कौत्स मागायला आला, आणि रघूने तर विश्वजित यज्ञात सगळं देऊन टाकलेलं. रघूने कुबेरावर चालून जायचं ठरवलं आणि रात्री रथातच झोपला. सकाळी पाहतो तो खजिन्यात सोन्याचा पाऊस पडलेला. लोककथेने तो पाऊस झाडावर पाडला आणि ते झाड आपटा केलं. पण कालिदासाने जे सांगितलं ते जास्त भिडतं. देणारा म्हणतो, सगळं ने. घेणारा म्हणतो, गुरूंचं आहे तेवढंच नेईन. अयोध्येचे लोक दोघांकडेही बघत राहतात. सोनं लुटण्याच्या सणाच्या पोटात ही गरजेपुरतं घेण्याची गोष्ट बसलेली आहे.

सोलापुरात दसऱ्याच्या संध्याकाळी हे सोनं तीन भाषांत फिरतं. शहराच्या जुन्या वस्तीत, लिंगायत घरांत, तोंडची भाषा कानडी. शमीला कानडीत 'बन्नी' म्हणतात, आणि 'बन्नी' म्हणजेच 'या'. त्यामुळे पान पुढे करणारा हात एकाच शब्दात झाडाचं नावही घेतो आणि घरात बोलावतोही. 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण', बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू, असं म्हणून पान हातात पडतं. आपण 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणतो. कानडी वाक्यातला 'राहू' मला जास्त आवडतो. त्यात देणाराही धरला आहे.

पूर्व भागात गेलं की पद्मशाली विणकरांची तेलुगू वस्ती. मागांचा खडखडाट त्या दिवशी बंद असतो. बायकांनी आधीच्या दिवसांत बतुकम्मा मांडून, फुलांचे थर रचून, फेर धरलेले असतात. शमी त्यांच्याकडे 'जम्मी'. पान देताना गळाभेट घेतात. थोरांच्या पाया पडतात. दसऱ्याला 'पालपिट्टा' दिसला की वर्ष चांगलं जातं असं मानतात. पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख, तारेवर बसलेला मातकट आणि उडाला की निळाच निळा. ही माणसं तेलंगणातून, त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, सोलापूरच्या कापडधंद्याच्या ओढीने आली. त्यांच्या आजे-पणज्यांनी केलेलं शिलंगण परतीचं नव्हतं. ते इथेच राहिले, आणि सोलापूरची चादर आज ज्या नावाने ओळखली जाते त्या नावात त्यांच्या हातांचा वाटा मोठा आहे.

कानडी-तेलुगू कानांना 'सीमा' हा शब्द कसा लागतो हेही सांगण्यासारखं. कानडीत रॉकेलला 'सीमे एण्णे' म्हणतात. एण्णे म्हणजे तेल, आणि सीमे म्हणजे परमुलूख. समुद्रापलीकडून आलेलं तेल ते सीमेचं तेल. तेलुगूत विलायती चिंचेला 'सीम चिंत'. जी आपल्याला गावाची कड वाटते ती त्यांच्या जिभेवर पलीकडचा प्रदेशच होऊन बसली आहे. एका शहरात एक शब्द रेघ आहे, आणि चार गल्ल्या सोडून तोच शब्द त्या रेघेपलीकडचा देश आहे. ज्या गावात असं घडतं तिथे शिलंगणाला परकं वाटणार नाही.

त्याच्या हातातलं पान जवळून पाहावं. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाडसर, हाताला खरखरीत. मधोमध खाच असते आणि दोन्ही बाजूंच्या पाकळ्या गोलसर, त्यामुळे मधल्या शिरेवर ते आपोआप मिटतं. दोन पानं मिटून एकात एक घातली की ती निसटत नाहीत. वर हिरवं, खाली फिकट. त्यावर रस्त्याची धूळ असते ती कोणी पुसत नाही, सोनं कोण धुतं? या पानाचा आणखी एक संसार आहे. आपट्याच्या पानात विड्या वळल्या जातात. सोलापुरातल्या विडी कामगार बाया वर्षभर तेंदूची पानं कातरतात, मोजतात, वळतात, पण या धंद्यात आपट्यालाही जागा आहे. ज्यांचं आयुष्य पानं मोजण्यात गेलं त्या बायांच्या हातात दसऱ्याला कोणीतरी एक पान ठेवतं आणि म्हणतं, सोनं घ्या. ते मी पाहिलं आहे. त्या पान उलटसुलट करून बघतात. सवयीने.

शिलंगणाचा खरा कस लागला तो तुळजापूरच्या रस्त्यावर. तुळजापूर आमच्यापासून पंचेचाळीस किलोमीटरवर, उत्तरेला, ईशान्येकडे कललेलं. 'धर्मसिंधु'ने सांगितलेल्या दिशेपासून फार दूर नाही. तिथे दसऱ्याच्या पहाटे देवी स्वतः सीमोल्लंघन करते. मूर्ती सिंहासनावरून हलवतात, तिला एकशे आठ साड्यांचं दिंड गुंडाळतात, आणि नगरच्या बाजूने आलेल्या पालखीतून तिची मंदिराच्या आवारात प्रदक्षिणा होते. पिंपळाच्या पारावर पालखी टेकते. कुंकवाने सगळं आवार लाल होतं. जगदंबेचं सीमोल्लंघन आवाराच्या आत होतं याचं पहिल्यांदा नवल वाटतं. जिला शीवच नाही तिने दुसरं कुठे जायचं? आणि मग नऊ दिवसांच्या युद्धाने थकलेली देवी पलंगावर निद्रा घेते ती पौर्णिमेपर्यंत. त्या कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता माणसांनी भरून वाहतो. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, अनवाणी कॉलेजची मुलं, रात्रभर चालत.

१९४८ पर्यंत याच रस्त्यावर खरीखुरी सरहद्द होती. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. वाटेत निजामाच्या जकातीचा, करोडगिरीचा, नाका. कुलदैवत एका राज्यात आणि भक्त दुसऱ्या. तुळजापूरला निघालेल्या सोलापूरकराचं प्रत्येक दर्शन म्हणजे एका राज्याची हद्द ओलांडणं होतं, आणि तसं त्याला वाटतही नव्हतं. देवीला जातोय, एवढंच. देश स्वतंत्र झाल्यावर तर ती रेघ अधिकच टोचू लागली. रझाकारांच्या जाचाला कंटाळलेली माणसं अलीकडे येत होती, हैदराबाद मुक्तीचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून पलीकडे जात होते. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची फौज सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागली. त्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. पाचव्या दिवशी निजामाने हत्यार ठेवलं. त्या वर्षीच्या दसऱ्याला अजून जवळजवळ महिना होता. शिलंगणाने मुहूर्ताआधी केलेली ती एकच मोहीम मला ठाऊक आहे, आणि तिने त्या रेघेचा काच संपवला. त्यानंतरच्या कोजागरीला चालणाऱ्यांना वाटेत निजामाचा अंमल लागला नाही.

रेघा मात्र जन्म घेतच राहतात. राज्य पुनर्रचनेनंतर दक्षिणेला दुसरी पडली. सोलापूर जिल्हा आणि कर्नाटक यांच्यामध्ये काही अंतर भीमेचं पात्रच सीमा होऊन वाहतं. अल्याड मराठी शाळा, पल्याड कानडी, आणि दोन्ही काठांवरची घरं एकमेकांच्या सोयरिकीत. तिथल्या माणसांना सीमोल्लंघन हा सणाचा शब्द वाटत नसेल. लेक नांदायला दिली ती पलीकडे. बाजार पलीकडे.

आणि सोलापूरचं बोलताना द्वारकानाथ कोटणीसांचं नाव टाळता येत नाही, जरी त्यांनी शिलंगणाचा एक नियम मोडला तरी. सोलापुरात १९१० साली जन्म, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते निघाले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर डोंगरांत, खेड्यांत, मिळेल त्या जागेत शस्त्रक्रिया करत राहिले. बाकीचे परतले, ते थांबले. तिथली परिचारिका को चिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इन्हुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. झाडाच्या मुळाची माती घेऊन परत यायचं ते आलेच नाहीत. तिथल्या मातीचे होऊन राहिले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि सोलापुरातलं त्यांचं राहतं घर आज स्मारक आहे. चीनहून पाहुणा आला की तो मुद्दाम तिथे पाय लावतो. गेलेला आला नाही, पण त्याच्या वाटेने पलीकडची माणसं येत राहिली. या शब्दाला अशीही परतफेड चालत असावी असं मी मानतो.

जवळचं, अगदी चालत जाण्यासारखं, आणखी एक शिलंगण आहे. शहराच्या पूर्वेला, अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत, महापालिकेच्या हद्दीबाहेर, विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. गोदूताई परुळेकरांच्या नावाची. पूर्व भागातल्या एकेका खोलीत, पत्र्याखाली, सात-आठ माणसांचा संसार केलेल्या त्या बाया. कामगार पुढारी आडम मास्तरांच्या लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि २००६ मध्ये स्वतःच्या नावावर घर घेतलं. बाईच्या नावावर. ज्यांना शहराने आत नीट जागा दिली नाही त्यांनी शीव ओलांडून आपलं गाव वसवलं. या घटनेला कोणी सीमोल्लंघन म्हणून मथळा दिल्याचं मला आठवत नाही. तो शब्द आज भलत्यांच्या वाट्याला गेला आहे. पुढाऱ्याने पक्ष बदलला की सीमोल्लंघन, दसरा मेळाव्यात कोणी कोणावर आवाज चढवला की सीमोल्लंघन, कंपनीने दुसऱ्या राज्यात दुकान काढलं की सीमोल्लंघन. त्यात चार माणसं बरोबर नसतात, झाडाला नमस्कार नसतो, मूठभर मातीही नसते. मला याचा राग येतो. ज्या शब्दाने कधी एकट्यासाठी काही केलं नाही त्याला एकेकट्याच्या महत्त्वाकांक्षेचा झेंडा धरायला लावायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरा अन्याय झाडांवर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो भरभरून फांद्या बाजारात येतात, आणि संध्याकाळी त्याच पानांचा रस्त्यावर चिखल होतो. बरं, त्यातली निम्मीशिम्मी पानं आपट्याची नसतातच. कांचन त्याच कुळातला, पान तसंच दोन पाकळ्यांचं, पण मोठं, पातळ आणि खाच खोल. तोच आपटा म्हणून खपतो. आमचा मुलूख आधीच उघडाबोडका. माळावर जी चार आपट्याची झाडं तग धरून आहेत त्यांना दर आश्विनात ओरबाडायचं आणि सोन्यासारखे राहा म्हणायचं, हे शोभत नाही. कौत्साने चौदा कोटींवर एक नाणं जास्त घेतलं नव्हतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. येत्या दसऱ्याला पोरांना 'सीमोल्लंघन' शुद्ध लिहायला शिकवाच, पण 'शिलंगण' हा शब्द त्यांच्या तोंडात पडू द्या, आणि त्यांना बरोबर घेऊन खरोखर चालत वस्तीच्या कडेपर्यंत जा. हद्दवाढ भागात राहत असाल तर कड जवळच आहे. शेजारची कानडी आजी, तेलुगू मावशी, मोहल्ल्यातले चाचा, ज्यांना येता येईल त्यांना हाक मारा. आपट्याची फांदी तोडू नका. माणशी एक पान पुरतं. आणि पावसाळा संपता संपता एखादं आपट्याचं रोप शिवेवर लावता आलं तर लावा. रोपवाटिकेत ते मागितलं तर मिळतं.